समोरच्या अंगणातली पाटी

बागेतले टोमॅटो सप्टेंबरातच संपले होते. तरी लोवेल ह्रुस्काने ऑक्टोबरात दुकानातून रोपांना आधार द्यायच्या काठ्या आणल्या.

कॉलेजचा फुटबॉल संघ: तीन जिंकले, चार हरले.

ओट्यावर दुसऱ्याच्या घरची ताटली. निळी, काठाचा टवका उडालेली.

समोरच्या अंगणात लाल रंगाची पाटी. 'घर विकणे आहे.'

बायकोची, इर्माची खुर्ची. इर्माला जाऊन दोन वर्षं झाली.

रविवार होता. आदल्या दिवशी संघ एकवीस गुणांनी हरला होता. लोवेल सपाता घालूनच रस्ता ओलांडून गेला, पाटी उपटली आणि काखेत मारून परत निघाला. नेब्रास्कातल्या त्या गावची ही जुनी खोड. संघ हरला की कोचच्या अंगणात पाटी रोवायची. म्हणजे, बाबा, घर विक आणि चालू लाग.

"लोवेल!" दारातून कोच ग्रेडी टॉलिव्हरने हाक मारली. "चौथी ना ही?"

"मोजतोस कशाला? तू पोरांकडे बघ."

तासाभराने कोच, त्याची बायको कोरीन आणि सहा वर्षांची रेन लोवेलकडे आली. चिलीचं, म्हणजे राजमा घातलेल्या मांसाच्या तिखट रश्श्याचं पातेलं आणि दालचिनीचे गोड रोल घेऊन. सप्टेंबरात पहिली पाटी लोवेलने उपटली, त्या दिवसापासून हे असंच चाललं होतं. रेन धावत जाऊन इर्माच्या खुर्चीत बसली.

"मिस्टर लोवेल, तुमचं घड्याळ बंद पडलंय."

"मला कुठे जायचंय, बाळा?"

जेवणं झाली. कोरीन ताटल्या विसळत खिडकीशी उभी होती. "हे कोण करतं, लोवेल? तुमची खिडकी तर बरोबर समोर आहे."

"मी लवकर झोपतो."

"रेन आता आमच्याच खोलीत झोपते. पान वाजलं तरी उठून बसते."

"पोरं आहेत कॉलेजची. जिंकायला लागलो की थांबतील."

गावात मात्र कुणाला थांबायचं नव्हतं. सोमवारी कॅफेत ड्वेनने टेबलावर वर्तमानपत्र आपटलं.

"कोचचं आपलं एकच, संघाची नवी बांधणी, नवी बांधणी! नदीवरच्या पुलाचं बांधकामसुद्धा इतकं रेंगाळलं नव्हतं."

"बावीसातली सतरा पोरं नवी आहेत," लोवेल म्हणाला. "चेंडू फेकणाऱ्या क्वार्टरबॅकला अजून धड मिसरूड फुटलेली नाही. गेल्या वर्षी बारातले दोन जिंकलो होतो आपण. दोन!"

"माझे आजोबा असते ना, तर टीव्ही फोडला असता त्यांनी."

"तुझे आजोबा जिंकल्यावरसुद्धा फोडायचे."

सगळे हसले. ड्वेनही हसला, पण बोट नाचवत म्हणाला, "सहा. सहा जिंकला तर राहील. नाहीतर नाताळाआधी सामान ट्रकमध्ये."

लोवेलने काटा खाली ठेवला. समोरच्या घरात टॉलिव्हर येण्याआधी तिथे वर्षभर अंधार होता. त्या अंधाराकडे बघत त्याने वर्षभर एकट्याने जेवण केलं होतं.

पुढचा सामना संघ जिंकला. लोवेल रेडिओसमोर उभा राहून ओरडला, टेबलावर मूठ आपटली. दुसऱ्या दिवशी टॉलिव्हर मंडळी चर्चमधून परस्पर कुणाकडे तरी जेवायला गेली. जिंकलेल्या कोचला आमंत्रणं असतात. लोवेलने डब्यातलं सूप गरम केलं आणि उभ्यानेच प्यायलं.

त्यानंतर एक हरले. पाटी, चिली, रोल. मग एक जिंकले. सूप. मग पुन्हा हरले. त्या सहाव्या पाटीच्या रविवारी कोरीन आली, पण जेवली नाही. कोटही न काढता बसून राहिली. कोच एकदाच बोलला, "शनिवारी शेवटचा." रेन इर्माच्या खुर्चीत झोपून गेली होती. तिच्या अंगावर लोवेलने स्वतःचा स्वेटर घातला.

पाच जिंकले, सहा हरले. आता सगळं एका सामन्यावर आलं.

त्या शनिवारी लोवेल स्टेडियमवर गेला. इर्मा गेल्यानंतर पहिल्यांदाच. वाऱ्याने कान बधिर झाले होते. शेवटच्या मिनिटाला त्या मिसरूड न फुटलेल्या पोराने चेंडू उंच फेकला, कुणीतरी तो कोपऱ्यात झेलला, आणि पुढच्या रांगेतल्या ड्वेनने मागे वळून लोवेलला कडकडून मिठी मारली.

"सहा, म्हाताऱ्या! सहा!"

लोवेलनेही त्याला घट्ट धरलं. राहणार होते. समोरचा दिवा राहणार होता.

सकाळी त्याने पडदा सारला. समोरच्या अंगणात पाटी होती.

जिंकल्यावर? लोवेल तसाच सपातांवर धावला. ही पाटी पांढऱ्या, जाड खांबावर होती. त्याने दोन्ही हातांनी खांब धरला, हलवला, खांदा लावला. तो तसूभरही हलला नाही.

"राहू दे, लोवेल." कोरीन पायरीवर उभी होती. "ती खरी आहे."

"पण आपण जिंकलो! सहा!"

"हो. कॉलेज करारही वाढवून देत होतं. दोन वर्षं."

"मग?"

"हरायचं मला काही वाटत नाही. अकरा वर्षं कोचची बायको आहे मी." ती खाली आली. "पण कुणीतरी दर वेळी माझ्या पोरीच्या खिडकीखाली येऊन उभं राहतं. कोण ते कळत नाही. दुकानात प्रत्येक चेहऱ्याकडे बघते, वाटतं, हाच का? आता ग्रेडी माझ्या माहेरच्या गावात शाळेच्या मुलांना शिकवेल. ओरेगनला."

लोवेलचे हात अजून खांबालाच होते. तिने ते हळूच सोडवले, आपल्या हातांत घेतले.

"या गावात आपलं म्हणावं असे तुम्ही एकटेच होतात. ती निळी ताटली तुमच्याकडेच राहू दे."

सप्टेंबरातली पहिली पाटी कॉलेजच्या पोरांनी रोवली होती. बाकीच्या पाच लोवेलने आपल्या गॅरेजमध्ये बसून रंगवल्या होत्या.