लेखकाचा डावा हात

बारा वर्षं एकपात्री प्रयोगात थोर लेखक साकारणारा नट आज धास्तावला होता, कारण पहिल्याच रांगेत त्या दिवंगत लेखकाची लेक येऊन बसली होती. लेखकाचा हात कंपवाताने थरथरतो, तो शेवटचा प्रवेश त्याने देवाचं नाव घेत कसाबसा पार पाडला.

मेकअप पुसायला बसतो न बसतो तोच ती आत आली.

"अगदी आमचे बाबाच हो! फक्त एक चुकलं. त्यांचा डावा हातच थरथरायचा, तुमचे दोन्ही थरथरत होते."

एवढंच ना! नटाचा जीव भांड्यात पडला. हसत त्याने आरशात पाहिलं.



त्याने थरथरवला होता तो फक्त डावा, आणि उजवा अजून थांबायला तयार नव्हता.