सायकलीचं कुलूप

"ह्ये सायेब कोण हायत गं?" धोंडिरामनी सुनेला विचारलं.

साहेब म्हणजे त्यांचा सख्खा मुलगा, सुमित. समोर बसून चहा पीत होता. तीन आठवडे झाले, बापाला त्याचं नाव सापडत नव्हतं. त्यानं कप तसाच ठेवला आणि अंघोळीला गेला. रविवार होता, नाहीतर ऑफिसला तरी पळाला असता.

सोलापूरच्या जुळे सोलापूर भागात धोंडिराम तीस वर्षं पोस्टमन होते. पावसाळ्यात एकदा रस्ता चुकले, त्याच दिवशी सुमितनं त्यांच्या सायकलीला कुलूप घातलं. काळजीपोटीच हो! तेव्हापासून खुर्ची, टीव्ही आणि चहात बुडवलेली खारी. डॉक्टरांनी बजावलं होतं, "खारी बंद. भाकरी, पालेभाजी द्या आणि रोज चालवा. खात्री देत नाही, पण पाय हलले की डोक्यालाही बरं असतं." खारी बंद झाली. कुलूप तसंच राहिलं.

सून धम्मप्रियाला मात्र चैन पडेना. पाय हलले तर खरंच वर काही हलतं का? बघू तरी! न्हाणीतला नळ सुरू झाला तशी तिनं कपाटातली किल्ली काढली.

"मामा, चला. सायकल हातात धरून न्यायची. बसायचं न्हाय."

तिनं उघडलेलं कुलूप धोंडिरामनी खिशात टाकलं. पहिल्या गल्लीत मुकाट चालले. दुसऱ्या वळणावर हात आपसूक घंटीवर गेला.

"हितं बिराजदार मास्तर. लई तिरसट." चार घरं पुढं, "हितं निंगव्वा. तिचा ल्योक मिल्ट्रीत."

धम्मप्रिया बघतच राहिली. काही विचारायचं नाही, नुसतं मागं चालायचं, एवढं तिनं ठरवलं. मामा घामाघूम झाले, पण एक घर चुकलं नाही. त्यांच्या वाटपातलं शेवटचं घर त्यांचं स्वतःचंच.

फाटकात सुमित उभा होता. केस ओले, चेहरा लालबुंद.

"कुलूप कुणी काढलं? काय झालं असतं म्हंजे?"

ट्रिंग ट्रिंग.

"सुमित धोंडिराम सरवदे! पोस्ट!"

सुमितचे डोळे भरून आले. लहानपणी करायचा तसा त्यानं हात पुढं केला.

धोंडिरामनी खिसा चाचपला आणि त्या हातावर कुलूप ठेवलं.

"पाठवणाऱ्याला परत, सुम्या."