सगळ्यांना दहा मिनिटं

“निगेटिव्ह आहे,” तपासणी केंद्रातल्या ताई म्हणाल्या. “चिमीला एचआयव्ही नाही. ही शेवटची तपासणी होती. आता पुन्हा यायला नको.”

चिमीच्या आईने कागद घेतला, वाचला, मग उलटा करून मागची बाजूही पाहिली. न जाणो, तिथे काही वेगळंच लिहिलेलं असायचं. अठरा महिने तिने स्वतःच्या एचआयव्हीच्या गोळ्या घड्याळ लावून घेतल्या होत्या, सुरुवातीला पोरीला न चुकता औषधाचे थेंब पाजले होते. तरी मनात पाल चुकचुकायची ती चुकचुकायचीच.

“मी जाऊ? सासूबाई बाहेर बसल्यात. त्यांना कधी एकदा सांगते असं झालंय.”

“बसा. अजून नऊ मिनिटं आहेत.”

हा ताईंचा स्वतःचा नियम. तपासणी केंद्राच्या कुठल्याही फळ्यावर तो लिहिलेला नव्हता. त्या वस्तीत दर चार घरांआड एक गोळ्यांची डबी होती, आणि ती कुणाच्या घरात आहे हे शोधायला सगळे टपलेले. पूर्वी चांगला निकाल मिळालेला माणूस मिनिटभरात बाहेर पडे, वाईट निकालाला अर्धा तास लागे. बाहेर बाकावर बसलेल्या बायका काय दुधखुळ्या होत्या? दार किती वेळ बंद राहिलं यावरून त्या सगळं ओळखत आणि संध्याकाळपर्यंत चार गल्ल्यांत बोभाटा होई. मग लोक तपासणीलाच येईनासे झाले. तेव्हापासून ज्याला-त्याला दहा मिनिटं, कमी नाही की जास्त नाही. ज्यांच्याशी आणखी बोलायचं त्यांना दुसऱ्या दिवशी बोलवायचं. उरलेल्या वेळात कुणी गाऱ्हाणी सांगे, कुणी ताईंचंच लग्न जमवायला बघे. एका सुताराने तर तेवढ्यात टेबलाचा डुगडुगणारा पाय बसवून दिला होता.

चिमीच्या आईने मात्र टेबलावर डोकं टेकलं. ताईंना वाटलं, रडतेय. रडू दे बापडीला. जरा वेळाने लक्षात आलं, ती झोपली होती. तीन रात्री तिच्या डोळ्याला डोळा लागलेला नव्हता.

दहा मिनिटं झाली. ताईंनी तिच्या खांद्याकडे हात नेला आणि मागे घेतला. इतकी शांत झोपलेली बाई त्यांनी या खोलीत कधी पाहिली नव्हती. त्यांनी चिमीला मांडीवर घेतलं आणि तिच्या हातात पेनाचं टोपण दिलं. चिमी ते फेकायची, ताई उचलून द्यायच्या, ती पुन्हा फेकायची. असं किती वेळ चाललं कोण जाणे. ताईंनी घड्याळाकडे पाहिलंच नाही. खरं तर पाहायचं टाळलं.

दारावर टकटक झाली तशी आई दचकून उठली. पोरीला कडेवर घेऊन तिने दार उघडलं. डोळे लाल, गालावर टेबलाच्या कडेचा वळ.

बाकावरच्या बायकांनी माना वळवल्या. दारात सासू उभी होती. तिला सुनेचं दुखणं ठाऊक होतं आणि ताईंचा नियमही. तिने सुनेचं तोंड पाहिलं, भिंतीवरचं घड्याळ पाहिलं. पंचवीस मिनिटं. समजायचं ते ती समजली. ताईंच्या आत्ता लक्षात आलं. आपण हे काय करून बसलो!

“अहो आई, ऐका...”

“काही बोलू नकोस. रडून का भागणार आहे?” सासूने चिमीला ओढून छातीशी धरलं. “आणि लोक बघतायत तर बघू देत. नात माझी आहे.”

मग ती ताईंकडे वळली. “बाई, हिच्या औषधाच्या वेळा मला सांगून ठेवा. सुनेला स्वतःचंच पुरे झालंय. हिचं मी बघेन. सकाळी किती वाजता द्यायचं?”

सुनेला हसू आणि रडू एकदमच आलं. ती नुसती मान हलवत राहिली.

“सकाळी नाही? मग रात्री?”

“रात्रीही नाही, आई.”