उतारावरची गाडी

रिव्हर्समध्ये येणाऱ्या डंपरच्या मागच्या फळीतून डांबर ठिबकताना दिसलं आणि ताईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. हे मिश्रण तिनेच प्रयोगशाळेत बसवलं होतं. जाड खडी, भरपूर डांबर, आणि ते डांबर खडीवरून निथळू नये म्हणून बारीक तंतू. तंतू घातले असते तर थेंबही गळला नसता.

ती डंपर आणि रस्त्यावर माल पसरणाऱ्या पेव्हरच्या मधे जाऊन उभी राहिली. ड्रायव्हरने करकचून ब्रेक दाबला.

"तंतू कुठे गेले?"

"तंतूंचं मशीन तुंबलं होतं," धाकटा भाऊ म्हणाला. डांबराचा प्लांट त्याचा, माणसं त्याची, शेवटचा शब्दही त्याचाच. "एका गाडीने काय आभाळ कोसळतंय? बाजूला हो ताई."

"डांबर वर येईल. रस्ता ओला झाला की या उतारावरच्या वळणावर दुचाकीवाले घसरून मरतील."

"तू तुझी प्रयोगशाळा बघ. रस्ता मी बघतो."

हौद्याच्या भोकात खोचलेल्या तापमापकाकडे ताईने नजर टाकली. गाडी लांबून आली होती, ताडपत्री काढलेली, वारा भणाणत होता. काटा खाली सरकत होता. तिने हेल्मेट काढून जमिनीवर आपटलं आणि तोंड सोडलं.

त्याने मोडलेली तिची सायकल काढली. बाबांच्या खिशातून त्याने चोरलेली नाणी काढली. त्याच्या लग्नात तिच्या सासूबाईंना बसायला खुर्चीसुद्धा मिळाली नव्हती, तेही काढलं. मग तोही पेटला. दोघांनी मिळून जुनी मढी उकरली. रोलरवाल्याने इंजीन बंद केलं. फुकटचा तमाशा कोण सोडतो?

"आई जाताना मला हाका मारत होती," ताई म्हणाली, "आणि तू कळवलं नाहीस. का, तर प्रयोगशाळेतली माझी टेस्ट अर्धवट राहील."



तिने तापमापक उपसून त्याच्या हातात दिला. माल गार पडला होता. आता रोलर कितीही फिरवला तरी तो दबणार नव्हता, एवढं त्यालाही कळत होतं. त्याने काट्याकडे पाहिलं, मग तिच्याकडे, आणि ड्रायव्हरला गाडी परत न्यायची खूण केली.

"म्हणजे हे सगळं वेळ काढायला?"

"हो."

"आईचंही?"

ताईने हेल्मेट उचलून त्यावरची माती झटकली.

"तंतू घालून दुसरी गाडी आण," ती म्हणाली. "आईचं भांडण मी अजून सुरूच केलेलं नाही."