आईने स्वतः यायचं

जिन्याखाली बसलेली पोरं तिला पाहताच उठून बाजूला झाली. एकाने सिगारेट पाठीमागे लपवली. "या मावशी," तो म्हणाला, "जरा जपून, मधली पायरी फुटलीय."

तिला धीर आला. म्हणजे नियम अजून पाळतात तर.

नियम जुना होता, जवळजवळ टोळीइतकाच. टोळी तरी कशावरून उभी राहिली? एका चेंडूवरून. या गल्लीचा चेंडू शेजारच्या गल्लीत गेला आणि चिरून परत आला. मग गल्लीची अब्रू आली, अब्रूमागून काठ्या आल्या, काठ्यांमागून सुरे. दुकानदार आधी कौतुकाने पोरांना चहा पाजायचे; पुढे चहा आला नाही, की पोरंच कौतुकाने दुकानदाराची विचारपूस करू लागली.

या सगळ्यांचा म्होरक्या दादा. त्याच्या आईने एकदा भर चौकात, टोळीदेखत, कान धरून त्याला घरी नेलं होतं. दुसऱ्या दिवशी तो परत आला, आणि हसणाऱ्यांची तोंडं बंद करायला त्याने त्याचाच नियम करून टाकला. ज्याची आई स्वतः जिना चढून येईल आणि मुलगा परत मागेल, त्याला सोडायचं. का, कशाला, विचारायचं नाही. इस्त्रीवालीचा थोरला असाच सुटला. आता रुग्णवाहिका चालवतो, दोन मुलींचा बाप आहे.

आज जिना चढणारी ती शिलाई कारखान्यात काज-बटणं करायची. घरात ती आणि मुलगा, तिसरं कोणी नाही. वर्षभरात पोरगा पार बदलला होता. फोन वाजला की ताटावरून उठायचा. विचारलं तर "काम आहे" एवढंच. गल्लीला तिची कीव येते हे तिला कळत होतं. भाजीवाला तर तिला रांगेतही उभं राहू देत नसे. कुणाचं डोकं फुटल्याचं कानावर आलं की पोरगा घरी येईपर्यंत ती दारातच बसून राहायची. उद्या आपल्याच पोराला पुढे करतील आणि करणारे नामानिराळे राहतील, या विचाराने तिचं हातातल्या बटणावर लक्ष लागेना. शेवटी आज तिने अर्ध्या दिवसाची सुट्टी टाकली.

वरच्या खोलीत दादा एकटाच खाटेवर बसला होता. फार वाळला होता. लोक म्हणत, दादा आता मोठा माणूस झालाय, खाली उतरत नाही. तिला पाहून तो धडपडत उभा राहिला, तशी तीच ओशाळली. बरोबर आलेल्या पोराने तिच्यासाठी खुर्ची पुसली, बाहेर जाऊन दार ओढलं आणि कडी घातली.

मध्ये कोणी यायला नको म्हणून असेल, असं तिने मनाशी म्हटलं.

मग ती बोलत सुटली. नवरा गेल्यावर पोराला कसं वाढवलं, तो मुळात किती भित्रा, अंधारात पाणी प्यायलाही उठत नसे. बोलता बोलता रडू आलं ते तिने आवरलं नाही.

"दादा, मी स्वतः आलेय. माझ्या मुलाला सोडा."

"त्यानेच पाठवलं का तुम्हाला?" दादाने विचारलं.

"त्याला ठाऊकसुद्धा नाही."

"मग मी काही बोललो, हे त्याला सांगू नका."

हे कसलं बोलणं, ते तिला कळेना. तिने हात जोडले. "नाही म्हणू नका. सगळं तुमच्या हातात आहे."

दादाने दाराकडे पाहिलं आणि आवाज अगदी खाली आणला.

"नियम तर माझाच आहे, ताई. पण माझी आई गेली हो. ती असती, तर मला सोडवायला तिलाच तुमच्या मुलाकडे धाडलं असतं."