उद्घाटनाचे फोटो

आई गेल्यानंतरचा पुण्यानुमोदनाचा कार्यक्रम परवावर आला, तरी लावायला तिचा फोटो नव्हता. आधारकार्डावरचा मोठा करून पाहिला, तर चेहऱ्याचे नुसते ठिपके झाले. शेवटी अश्वजितने बाबांच्या आर्ट गॅलरीतले अल्बम खाली काढले. शेगावात स्टेशनजवळच्या या हॉलमध्ये दयाराम चौतीस वर्षं नव्या चित्रकारांची प्रदर्शनं भरवत होते. प्रत्येक उद्घाटनाचा फोटो होता. त्यात चित्रकार होते, पाहुणे होते, मागे भिंतीवर चित्रं होती. आणि प्रत्येक फोटोत कोणाच्या ना कोणाच्या हातात चहाचा कप होता.

"बाबा, आई कुठीच नाही."

"नीट पाह्य."

शेवटच्या अल्बममध्ये ती सापडली. म्हणजे फोटोच्या कडेला तिचा हात सापडला, कोपरापर्यंत, चहाचा ट्रे धरलेला.

दयारामांनी चष्मा लावून तो फोटो पाहिला. मग सवयीने टेप काढून फ्रेमसाठी त्याचं माप घेतलं.

"हाच लावू."

"बाबा, लोक काय म्हनतीन? नुसता हात हाय हा. फोटो काढनाऱ्याले येवढं समजलं नाई का? कॅमेरा जरासा वळवला असता त पूर्ण आली असती."

दयाराम टेप गुंडाळत राहिले.

"कॅमेऱ्यात पूर्णच आलती," ते म्हणाले. "मीच म्हटलं तिले, बाजूले सरक, मांगचं चित्र दिसून नाही राह्यलं."