गिझरचं बटन

दिवाळीत न्हाणीत भोवळ येऊन पडल्यापासून सासूबाई अंघोळ सावकाश करतात. तेवढा वेळ गिझर चालू राहायचा, म्हणून आमचे अप्पा, म्हणजे माझे सासरे, दाराबाहेर बटनापाशी उभेच. घडीघडी हाक मारायचे, "बंद करू का गं?"

आतून सासूबाई, "थांबा की, अजून दोन तांबे."

तुळजापूरचे पाव्हणे बसलेले असले तरी हेच. मला मेलीला लाज वाटायची. "बिल आमी भरतोय की, अप्पा," असं म्हणूनही पाहिलं. ऐकतील तर अप्पा कसले! शेवटी नवऱ्याच्या मागं लागून गच्चीवर सोलर बसवून घेतला आणि गिझर काढायलाच लावला.

"आता खुशाल चहा घेत बसा, अप्पा. बंद करायला काही राहिलंच न्हाय."

दुसऱ्या दिवशी सासूबाई अंघोळीला गेल्या. अप्पांनी बशीत चहा ओतला, तसाच ठेवला आणि दारापाशी जाऊन उभे राहिले. भिंतीत बटनाच्या जागी नुसतं भोक होतं.

"बंद करू का गं?"

आतला पाण्याचा आवाज क्षणभर थांबला.

"थांबा की," सासूबाई म्हणाल्या, "अजून दोन तांबे."